खताच्या कारखान्यात कामाला जाता? तीन गोष्टी विचारून ठेवा

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान झालं होतं आणि गावागावांत निकालाच्या गप्पा चालल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, शाळगाव एमआयडीसीतल्या म्यानमार केमिकल कंपनी या खताच्या कारखान्यात रिॲक्टरचा स्फोट झाला. रिॲक्टर म्हणजे रसायनं एकत्र करून तापवायचं, ढवळायचं मोठं बंद भांडं. स्फोटातून निघालेला गॅस आवारात पसरला आणि बारा माणसांना त्याची बाधा झाली. तिघं दगावली: दोन महिला कामगार आणि एक सुरक्षारक्षक. मरण पावलेल्या महिलांपैकी एक सांगली जिल्ह्यातली, दुसरी सातारा जिल्ह्यातली. नऊ जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यातले बहुतेक कराडला नेले गेले आणि काहींना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

या बातमीतल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली गोष्ट, मेलं कोण? दोन कामगार बाया आणि एक वॉचमन. गॅस सुटल्यावर तो हुद्दा विचारत नाही. "मी तर फक्त पोती शिवते", "मी फक्त झाडलोट करते", "माझी ड्युटी गेटवर आहे" असं म्हणून कुणी वाचत नाही. कारखान्याच्या आवारात पाय ठेवला की धोक्यात सगळे सारखेच वाटेकरी. पगारात मात्र नसतात.

दुसरी गोष्ट, अपघातानंतर पोलिसांनी वार्ताहरांना माहिती दिली तेव्हा गॅस अमोनिया असावा, असा अंदाज सांगितला गेला. अंदाज! मी परिचारिका म्हणून वॉर्डात काम केलं आहे. रोगी श्वासासाठी तडफडत येतो तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय हुंगलं? कशात काम करत होता?" सोबत आलेला माणूस म्हणतो, "कंपनीत औषध असतं, त्याचा वास." औषध म्हणजे कोणतं? त्याला ठाऊक नसतं. आपल्या वस्तीतल्या बाईला हजेरी किती ते पैशापर्यंत ठाऊक असतं. पण ज्या पावडरीत, ज्या वासात ती आठ-दहा तास उभी असते, तिचं नाव तिला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर एकच मुद्दा आहे. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात: इथे कोणतं रसायन आहे? गॅस सुटला तर कुठे पळायचं? आणि मी कागदावर कुणाचा कामगार आहे?

खताच्या कारखान्यात असतं तरी काय?

खत म्हणजे शेणखताचा भाऊ, त्याने काय होतंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. ताकारी-टेंभूचं पाणी आलं, कडेगाव-खानापूरकडे ऊस वाढला, तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागा आहेतच. खताची मागणी वाढली. मोठ्या कंपन्यांबरोबर मिश्रखतं, विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं करणारे लहान कारखाने आपल्या भागातही उभे राहिले. त्यात भरणी, मिसळणी, चाळणी, पोती शिवणं, गाडी भरणं ही कामं करायला माणसं जातात ती बहुतांश आपल्यासारख्या वस्त्यांतली.

कायद्याच्या नजरेत हा उद्योग साधा नाही. जुन्या कारखाने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत धोकादायक प्रक्रिया असलेल्या उद्योगांची यादी होती. त्यात खत उद्योगाचं नाव स्पष्ट होतं: नत्रयुक्त, स्फुरदयुक्त आणि मिश्र, तिन्ही. म्हणजे "आमच्याकडे नुसतं मिक्सिंग होतं" असं सांगून मालकाला हात झटकता येत नाहीत.

कारखान्यात सहसा आढळणाऱ्या काही गोष्टी आणि त्या शरीराला काय करतात, ते पाहा:

अमोनिया: नत्रयुक्त खतांचा कच्चा माल. रंग नाही, पण वास इतका उग्र की डोळ्यांत पाणी येतं.

सल्फ्युरिक ॲसिड: सुपर फॉस्फेट आणि झिंक सल्फेट करायला लागतं. कातडी जाळतं, वाफ छातीत बसते. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड हळूहळू सोडतात. उलट कधीच करत नाहीत.

खडक फॉस्फेट: ही दगडाची भुकटी. तिच्यात ॲसिड घातलं की फ्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो. तो ओढून, धुऊन बाहेर सोडायची यंत्रणा चालू असलीच पाहिजे. भुकटीत सिलिका असेल तर वर्षानुवर्षं ती ओढून फुप्फुसं घट्ट होत जातात.

युरिया, पोटॅश आणि इतर खतांची धूळ: एका दिवसात मारत नाही. पण हाताला भेगा, बोटांच्या बेचक्यांत खाज, डोळ्यांची जळजळ, सकाळचा खोकला ही तिची देणगी. "सवय झाली" असं म्हणतो आपण. सवय मनाला होते. फुप्फुसाचं नुकसान होतच राहतं.

अमोनिया शरीरात काय करतो

अमोनियाला पाण्याची ओढ असते. आपलं शरीर ओलं कुठे आहे? डोळे, नाक, घसा, श्वासनलिका, फुप्फुसं, आणि घामेजलेली काख-जांघ. गॅस तिथल्या ओलाव्यात विरघळतो आणि त्याचा दाहक क्षार होतो. म्हणजे तो आतून भाजतो. घसा सुजला की हवेची वाटच अरुंद होते. आवाज बसतो, घरघर लागते.

अमोनिया दाबाखाली द्रव करून टाकीत ठेवतात. तो उणे ३३ अंशालाच उकळतो. म्हणून गळती झाली की थंडगार पांढरं धुकं तयार होतं आणि द्रव अंगावर उडाला तर थंडीनेही कातडी भाजते. खरं तर अमोनिया हवेपेक्षा हलका, पण हे थंड धुकं सुरुवातीला जमिनीलगत सरपटतं. त्यामुळे खड्ड्यात, नाल्यात, तळघरात लपायचं नाही.

आठ तास काम करायच्या ठिकाणी हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया २५ भागांपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा आहे. ३०० भाग झाले की जिवाला तात्काळ धोका मानतात. पण नाकावर विसंबू नका. रोज वास घेऊन नाक बधिर होतं. नवीन आलेली मुलगी "वास येतोय" म्हणते आणि जुन्या बाया तिला हसतात. खरं नाक त्या मुलीचं आहे. तिचं ऐका.

पहिली गोष्ट: नाव विचारा

रसायनाच्या प्रत्येक पिंपावर, पोत्यावर, टाकीवर नाव आणि धोक्याचं चित्र असलं पाहिजे. कवटी म्हणजे विष. हातावर आणि धातूवर थेंब पडतोय असं चित्र म्हणजे भाजणारं. ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. अक्षर येत नसलं तरी चित्र सगळ्यांना वाचता येतं. ज्या पिंपावर नाव नाही, त्याला हात लावायचा नाही.

प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं. अंगावर पडलं तर काय, हुंगलं तर काय, डोळ्यांत गेलं तर काय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते कपाटात कुलूपबंद ठेवायचं नसतं. कामगाराला कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, सांगायला लावा.

टँकर आला तर त्याच्या मागच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो. १००५ म्हणजे निर्जल अमोनिया. १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. पाटीवर तातडीचा फोन नंबरही असतो. गेटवरच्या दादांनी एका वहीत हे नंबर उतरवून ठेवले, तर अपघाताच्या वेळी दवाखान्याला अंदाजावर चालावं लागणार नाही.

नाव कळलं की घरी सांगा. नवऱ्याला, सासूला, शाळेत जाणाऱ्या पोरीला. "माझ्या कंपनीत अमोनिया आहे" हे एक वाक्य घरातल्या कुणाला तरी पाठ हवं. तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा डॉक्टरांना ते वाक्य दुसऱ्यालाच सांगावं लागेल.

दुसरी गोष्ट: वारा कुठला, वाट कुठली

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसं वाट फुटेल तिकडे धावली, आणि त्यातली कित्येक वाऱ्याच्याच दिशेने, म्हणजे गॅसच्या सोबतच धावली. आजूबाजूच्या वस्त्यांना कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं की कुठे पळायचं आणि तोंडावर ओलं फडकं धरायचं.

गॅस सुटला की आधी वारा बघा. कारखान्यात वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी उंच खांबावर लावलेली असायला हवी. नसेल तर झाडाचं पान, पदराचं टोक, चिमणीचा धूर बघा. गॅस वाऱ्याबरोबर जातो. आपण वाऱ्याला आडवं निघायचं, म्हणजे गॅसच्या पट्ट्यातून बाजूला पडायचं, आणि मग ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूला लांब जायचं. गॅसच्या ढगातून मात्र आरपार जायचं नाही.

पदर, ओढणी, टॉवेल पाण्यात भिजवून नाकातोंडावर धरा. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या कापडाने थोडा वेळ मिळतो. तो पळायला वापरायचा, थांबायला नाही. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. गॅसला वेगळा डबी लावलेला मास्क लागतो. तो प्रत्येक रसायनाचा वेगळा असतो आणि त्या डबीची मुदत संपते. तारीख बघा.

बाहेर पडल्यावर मागे फिरू नका. मैत्रीण आत राहिली म्हणून धावत गेलेली माणसं तिच्या शेजारीच पडलेली सापडतात. टाकीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उतरणं म्हणजे दुसरा बळी. श्वासाची नळकांडी लावलेल्या अग्निशमनवाल्यांनीच आत जायचं. आपलं काम ओरडून सगळ्यांना बाहेर काढायचं, डोकी मोजायची आणि ११२ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेला १०८. फोनवर आधी रसायनाचं नाव सांगायचं.

कामावर पहिल्या दिवशी बाहेर पडायचे दोन दरवाजे बघून घ्या. दुसऱ्या दरवाजाला चोरीच्या भीतीने कुलूप असतं. ते कामाच्या वेळात उघडं राहिलं पाहिजे, हे सगळ्यांनी मिळून सांगा.

दवाखाना लांब असेल तर

डोळ्यांत गेलं: पापण्या बोटांनी उघडून वाहत्या स्वच्छ पाण्याने सतत धुवा. घड्याळ लावून किमान २० मिनिटं. दोन शिपके मारून पुरत नाही, कारण क्षार डोळ्यात आत आत जात राहतो. लिंबू, दूध, तूप, मध काहीही घालायचं नाही. दवाखान्यात नेतानाही बाटलीने पाणी सोडत राहा.

अंगावर उडालं: कपडे ताबडतोब काढा. लाजेने थांबू नका. बायांनी बाईभोवती चादर धरा आणि साडी, ब्लाउज सगळं उतरवून भरपूर पाणी ओता. थंडीने कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, पाणी ओतत राहा. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका.

छातीत गेलं: मोकळ्या हवेत टेकून बसवा. आडवं पाडू नका. कपडे सैल करा. धाप लागलेल्या माणसाला पाणी पाजू नका. आवाज बसला असेल, घरघर येत असेल, ओठ निळे पडत असतील, गुलाबी फेस येत असेल तर क्षणभर थांबू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: माणूस लगेच बरा दिसला तरी घरी झोपवू नका. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. संध्याकाळी "बरं वाटतंय" म्हणणारा माणूस पहाटे धापा टाकायला लागतो. गॅस छातीत गेलेल्याला डॉक्टरांनी तपासून निदान २४ तास नजरेखाली ठेवायला हवं.

रोजच्या धुळीसाठी दोन शब्द. कामाचे कपडे घरात लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. जेवणाआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. आणि खताची रिकामी पोती धान्य भरायला, पोराची झोळी बांधायला आणू नका. पावसात त्यांची खोळ करून डोक्यावर घेतो आपण, तीही नको.

तिसरी गोष्ट: मी कुणाचा कामगार?

अपघात झाला की कंपनी म्हणते, "ही बाई आमची नाही, ठेकेदाराची." ठेकेदाराचा फोन बंद. त्या वेळी हातात कागद नसेल तर बाईने दहा वर्षं काम केलं तरी ती कुणाचीच नसते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं. १९४४ ला अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तोच आपला ई.एस.आय. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्यांनीच १९४६ मध्ये मांडली. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात एक नवं प्रकरण आलं. धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना देणं, त्यांची वैद्यकीय तपासणी करणं मालकावर बंधनकारक झालं. जीव धोक्यात दिसला तर तसं बजावून सांगण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता तो जुना कायदा गेला. शाळगावच्या अपघाताला बरोबर एक वर्ष झालं त्याच दिवशी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. धोकादायक उद्योगांची यादी, माहितीचा हक्क, धोका कळवण्याचा हक्क नव्या संहितेतही आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं सक्तीचं झालं आहे. पण विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरायला केंद्राच्या जुन्या कायद्यात १० कामगार पुरत होते, आता २० लागतात. महाराष्ट्राने तर ही मर्यादा आधीच वाढवली होती. आपण जिथे जातो ते शेड किती माणसांचं असतं, विचार करा. म्हणून डोकी मोजताना ठेकेदाराची माणसंही मोजली जातात का, हे बघणं आपलं काम आहे.

हे कागद घरात एका पिशवीत ठेवा: नियुक्तिपत्र, हजेरीचा किंवा पगाराचा पुरावा, ई.एस.आय.चा नंबर, आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ई.एस.आय.मध्ये बसतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो. कामगार दगावला तर कुटुंबाला वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. पगारातून कापतात पण नंबर देत नाहीत, अशी तक्रार मी वस्त्यांत नेहमी ऐकते. नंबर मागा. ई.एस.आय. नसेल तरी भरपाईचा कायदा आहे, आणि ठेकेदाराच्या कामगाराच्या भरपाईतून मूळ मालकाची सुटका नाही.

एकटीने विचारू नका

"विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील." ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने विचारायचं नाही. विहारात रविवारी किंवा पौर्णिमेला आपण जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. वस्तीतून कोण कोण कोणत्या कारखान्यात जातं, त्याची यादी करा. प्रत्येक कारखान्यापुढे रसायनाचं नाव लिहायचा प्रयत्न करा. जिथे रकाना रिकामा राहील, त्या कारखान्याबद्दल महिला मंडळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पत्र लिहा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हा आपत्ती गटाचे प्रमुख तेच असतात. पत्राची पोच घ्या. पत्रावर एकीचं नाव नको, मंडळाचा शिक्का हवा.

शिकलेल्या पोरांनी माहितीपत्रक मराठीत वाचून दाखवावं. गेटवरच्या दादांनी टँकरचा नंबर आणावा. दवाखान्यात काम करणाऱ्या ताईने डोळे कसे धुवायचे ते घागर घेऊन करून दाखवावं. आणि ज्यांच्या घरी कुणीच कारखान्यात जात नाही, पण घर एमआयडीसीच्या कुंपणाला लागून आहे, त्यांनीही बसावं. वारा कुंपण मानत नाही.

येत्या पौर्णिमेला ही यादी सुरू करा. वहीच्या पहिल्या पानावर तीनच रकाने आखा: कारखाना, रसायन, कागद.

जयभीम.